दोन ग्लासांमधला फरक

सर, आज रविवार आहे, जेवणं उरकली आहेत, आणि तुमच्याशी बरेच दिवस बोलायचं राहिलंय ते लिहून काढते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कारखान्यात तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. वाघोलीच्या पुढे जिथे कंपनीची बस ज्वारीच्या शेतांतून वळायची तिथे आता इमारतीला इमारत लागली आहे. आपली टेस्टिंगची खोली मात्र आहे तशीच आहे, उत्तरेची खिडकी, पांढरं टेबल, थुंकायला स्टीलची बादली. तुम्ही तिथले मुख्य ब्लेंडर. कुठल्या पिंपातली व्हिस्की कशात आणि किती मिसळायची हे तुमचं नाक ठरवायचं, आणि त्या खुर्चीत आता मी बसते.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर तीन ग्लास ठेवलेत. म्हणालात, "यातले दोन सारखे आहेत, एक वेगळा. कुठला ते सांगा." मी हुंगलं, पाणी घालून पुन्हा हुंगलं आणि घाबरत म्हणाले, मधला, छान आहे. तुम्ही चष्मा काढलात. "छान हा शब्द लग्नात वापरा. इथे वास कशाचा आहे ते सांगा." मी म्हणाले, ओल्या गोणपाटाचा. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "बरोबर. जाहिरातवाले याला मातीचा सुगंध म्हणतील, आपण गोणपाटच म्हणायचं." तुमच्याकडे शाबासकीचा तेवढा एकच शब्द होता, बरोबर. पुढच्या काही वर्षांत तुम्ही माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला एकेक डबा माझ्याकडून उघडून घेतलात. ही चिंच आहे की कोकम, हा गूळ नवा की जुना, हे खोबरं नुसतं भाजलंय की करपलंय. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पंचशील पाळलं, आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. या नोकरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "पोटासाठी करतेस तर कर. गिळू नकोस." तुम्हीही त्याच आठवड्यात हेच सांगितलंत, गिळलं की नाक झोपतं. तुम्ही दोघं कधी भेटला नाहीत, पण नियम एकच दिलात.

शनिवारी संध्याकाळी मात्र मांजरी गावातल्या तुमच्या घरी गिळायची परवानगी असायची, अगदी बोटभर. तुमच्यासमोर नेहमी दोन ग्लास. एकात आपली, दुसऱ्यात कोणी बाहेरून आणलेली. थंडीत रम असायची. एकदा गोंदियाकडच्या कोणीतरी मोहाची दिली होती, तर तिलाही तोच ग्लास, तोच मान, आणि तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "हिच्यात लपवालपवी नाही." काकू गरम थालीपीठ आणून ठेवतायत, पदराला हात पुसतायत. तुम्ही त्यांच्यापुढे ग्लास धरता, सांग बघू कशाचा वास आहे. काकू म्हणतात, "तुमच्या सगळ्या बाटल्यांना एकच वास येतो, नवऱ्याचा." आणि तुम्ही, कधीही न हसणारे तुम्ही, इतके हसता की ग्लास टेबलावर ठेवावा लागतो. एका घोटाला तासभर लागायचा. या ग्लासातून त्या ग्लासाकडे, मग पुन्हा या ग्लासाकडे. माणूस दारूवर इतकं प्रेम करून इतकी कमी पिऊ शकतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

काकू एका सकाळी ओट्यापाशी पडल्या आणि उठल्या नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेरा दिवसांनी तुम्ही कामावर आलात, इस्त्रीचा शर्ट, तोच चष्मा. मी म्हटलं, सर, अजून थोडी रजा घ्यायची. तुम्ही म्हणालात, "घरी बसून काय करू? तिथे कोणी चुका करत नाही." पावसाळा संपताना एका शनिवारी मी भाजी घेऊन आले, तर टेबलावर एकच ग्लास होता. मला वाटलं, दुसरा धुवायला टाकला असेल. पुढच्या शनिवारीही एकच. तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. दोन ग्लास असायचे तोवर तुम्ही पीत नव्हता, बघत होता, दोन्हींमधला फरक शोधत होता. एकच उरल्यावर शोधायला काही राहिलं नाही, मग नुसतं प्यायचं राहिलं.

कारखान्यात तुम्ही नमुने ओळखण्यात चुकायला लागलात. मी काही बोलायच्या आत तुम्हीच एका दुपारी म्हणालात, "दार लावून घ्या आणि तीन लावा." मी तीन ग्लास लावले. सोपे लावले होते, नव्या मुलींनाही जमावेत असे. तुम्ही खूप वेळ हुंगलंत. ग्लास स्थिर राहावा म्हणून तुम्ही कोपर टेबलाला टेकवलंत. "डावा," तुम्ही म्हणालात. डावा नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागले. "अहो, चेहरा कशाला फिरवता? तुमचा चेहरा लेबलासारखा आहे, सगळं वाचता येतं." मग ग्लास एकेक करून बादलीत ओतलेत आणि म्हणालात, "वर मीच सांगतो. तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, बाईंना खुर्चीची घाई झाली." तुमच्या निरोपाला साहेबांनी भाषण केलं आणि आपलीच सगळ्यात महाग बाटली तुमच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

त्यानंतरचं घर मला आठवायचं नसतं, पण आठवतं. गॅसच्या शेगडीखाली क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या, ज्या दारूला तुम्ही रंग घातलेलं स्पिरिट म्हणायचात तिच्या. मी म्हटलं, सर, ही? तुम्ही म्हणालात, "सगळी सारखीच लागते हो आता. मग चांगली कशाला नासवायची?" मी डॉक्टरांकडे नेलं, व्यसनमुक्तीच्या केंद्रात नाव घातलं. तुम्ही दोन्हीकडे व्यवस्थित वागलात, सगळ्यांना अहो-जाहो केलंत आणि घरी येऊन पुन्हा प्यायलात. शेवटी पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. इस्पितळात मी रोज कामावरून येऊन बसायचे. एका संध्याकाळी तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "कशाचा वास आहे?" मी म्हणाले, फिनेल, उकडलेला भात, कोणाचा तरी झेंडू बाम. "आणि माझा?" मी तुमची चादर सारखी केली. तुम्ही वाट बघत राहिलात, तशीच, पांढऱ्या टेबलापाशी बघायचात तशी. तुमच्या श्वासाला जो वास होता तो मी आधीच ओळखला होता. मी म्हणाले, "गोडसर आहे सर. साचलेल्या पाण्यात फुलं कुजल्यासारखा." तुम्ही म्हणालात, "बरोबर." माझ्याशी बोललेला तो तुमचा शेवटचा शब्द. पहाटे तुम्ही गेलात.

आता शुक्रवारी मी खराडीत एका हॉटेलात व्हिस्कीची ओळख करून देते. आयटीतली मुलंमुली येतात, समोर चार-चार ग्लास, मोबाइलवर फोटो. "मॅम, हे स्मोकी आहे ना? व्हॅनिला येतंय ना?" मी म्हणते, व्हॅनिला राहू द्या, घरातलं काहीतरी सांगा. एखादी म्हणते, आजीच्या ट्रंकेतल्या कापराचा, आणि मला बरं वाटतं. या शिमग्यापासून एकजण यायला लागला आहे, पस्तिशीचा असेल. पहिले काही आठवडे तो मन लावून लिहून घ्यायचा. मग एके दिवशी सगळे गेल्यावर मी पाहिलं, तो इतरांच्या ग्लासांत उरलेलं एका ग्लासात गोळा करत होता. मळीपासूनची, माल्टची, धुराच्या वासाची, सगळी एकत्र. मी जवळ गेले. "घरी कोण असतं?" तो ओशाळून हसला. "कोणी नाही मॅम. आधी होती." मी त्याला म्हणाले, पुढच्या वेळी येऊ नका, आणि यावंसं वाटलंच तर आधी मला फोन करा. त्याने नंबर घेतला, स्वतःचा दिला. मग दोन शुक्रवार तो आला नाही, फोनही आला नाही. हॉटेलवाल्यांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मी इथे लिहिणार होते, पण मला ते माहीत नाही. तुमच्या वेळी मी सगळं केलं आणि त्याने काही झालं नाही, एवढंच मला माहीत आहे. हे पत्र कुठे जायचं नाही. ऊन उतरलं आहे, चहाची वेळ झाली. सबंध दुपार मी तुम्हाला लिहिण्यात घालवली, सर, आणि त्याचा नंबर समोरच्या मोबाइलमध्ये आहे. मेलेल्या माणसाशी बोलणं मला सोपं गेलं. त्याला फोन मी अजून केलेला नाही.