तुझा येशू आमच्याकडे आहे

प्रिय फेबियन,

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे शिव्या घालायला तुला उरलेलं पत्र मोकळं. तुझ्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटमधल्या भिंतीवरून उतरवलेली येशूची तसबीर आमच्या घरी आहे. ती टाकून ये, असं तू जॅक्सनला म्हणालास, पण त्याचा हात धजेना. त्याने ती गुपचूप वाडीवर आणून दिली. लेकावर चिडू नकोस. सरोजिनीने ती देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. रोज गणपतीला जास्वंद वाहिली की येशूपुढे दोन मोगरे ठेवते. मी म्हटलं, अगं, तो फुलं मागत नाही. तर म्हणते, "पाव्हना हाय तो, कोरडाच ठेवू का?"

तिचं हे बघून मला आईची फार आठवण येते. चर्चमागच्या मैदानात आपण गुड फ्रायडेचं नाटक करायचो, आठवतं? तू येशू, कारण दाढी धड तुलाच यायची. यहूदा व्हायला मात्र तुमच्या आळीत कुणी तयार होईना. मित्राला धरून देणाऱ्याचं नाव पोराला चिकटलेलं कुठल्या आईला चालेल? शेवटी फादर आमच्या अंगणात आले. आईने कपाळाला हात लावला, पण दारी आलेल्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून मला देऊन टाकलं! मी तुझं चुंबन घ्यायला वाकलो की तू दाढीतल्या दाढीत पुटपुटायचास, "आटप लवकर, बिडीचा वास येतोय." आणि लोकांना वाटायचं, येशू मला क्षमा करतोय.

तुला क्रुसावर चढवलं की आई पहिल्या रांगेत हुंदके द्यायची. पोरगा वाऱ्यावर उघडा टांगलाय, ह्याचंच तिला दुःख. घरी आल्यावर मीठ-मिरच्या घेऊन तुझी दृष्ट काढायची. मला कुणी विचारायचं नाही. येशूबद्दल आमच्या अप्पांचं मत वेगळं. माणूस सोन्यासारखा, पण व्यवहार नाही. धरायला येताहेत कळल्यावर मागच्या वाटेने वाडीत पळायला नको? तुझा भाऊ ऑस्कर तर सगळं थोतांड म्हणायचा, पण खिळे ठोकायची वेळ आली की दिवे सांभाळायचं सोडून पाठ फिरवायचा. आणि मी? त्याला धरून देता देता मलाच तो आवडायला लागला. सगळ्यांनी सोडलं तरी कुणाला वाईट बोलला नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं. तुमचा देव असेल नसेल, माणूस म्हणून माझा जीव आहे त्याच्यावर.

तुझा जीव तर आपल्या सगळ्यांत जास्त होता. मटिल्डाच्या आजारपणात तू बायकोसाठी गुडघे सुजेपर्यंत प्रार्थना केल्यास, तरी ती गेली. तेव्हापासून चर्चमधली मिस्सा बंद, त्याचं नाव बंद. कुणी तुला समजवायला येतं, कुणी घाबरवायला, असं जॅक्सन सांगत होता. मी ह्यातलं काही करणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर तसबीर आपटून फोडली असती. तू निदान जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून दिलीस.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. येत्या रविवारी गावच्या चर्चमध्ये मटिल्डाच्या वर्षाची मिस्सा आहे आणि तू येणार नाहीस, हे सांगताना जॅक्सन रडकुंडीला आला होता. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितोय. तसबीर नेऊ नकोस. तोंडातून एक शब्द काढू नकोस. वाटल्यास क्रुसावरच्या त्याच्याकडे रागाने बघत बस. पण ये. तिने मला भावासारखं जेवू घातलं आहे, तेव्हा मी तर जाणारच. सरोजिनी बायकांच्या बाजूला बसेल आणि मी पुरुषांत एकटा पडेन. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही. कोपराने ढोसायला शेजारी तू हवास रे.

तुझाच,
प्रल्हाद