यंदा विकत काही नको

५ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, वर्षअखेरच्या सुट्टीत नेहमीसारखे सगळे माझ्याकडेच जमणार आहोत, पण यंदा एक नियम आहे. तो वाचून तू हसणार, हे मला इथे बसल्या बसल्या दिसतंय. हसून घे, मग पुढे वाच.

गेल्या वर्षी तुम्ही सगळे परतल्यावर चकचकीत कागद, फिती आणि प्लास्टिकची खोकी आवरायला मला दोन दिवस लागले. पाय चेपायची यंत्रं तीन निघाली आणि पाय माझे दोनच. मेणबत्त्यांच्या एका खोक्यात तर तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली शुभेच्छांची चिठ्ठी होती. लाँड्रीच्या वरच्या योगवर्गात मी बायकांना आसनांबरोबर अपरिग्रह शिकवते, गरजेपेक्षा जास्त साठवू नका म्हणून घसा कोरडा करते, आणि माझ्याच कपाटाचं दार लागत नाही. लाज वाटली रे.

तर यंदा विकत काही नको. चौदा जणांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या आहेत. ज्याच्या वाट्याला जो आला त्याच्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने, घरातल्याच वस्तूंतून काहीतरी करायचं, आणि तेही त्या माणसाच्या प्रकृतीला मानवेल असं. म्हणून सोबत सगळ्यांना प्रश्नावली पाठवते आहे. झोप कशी, भूक कशी, राग किती वेळात येतो, सगळं खरं खरं लिही.

तुझ्या वाट्याला आत्या आली. ऐंशी उलटली, सदा थंडी वाजते आणि पहाटे तीनला टक्क जागी, म्हणजे शुद्ध वातप्रकृती. तिला उबदार, मऊ, मन निवेल असं काही हवं. तीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला एक वही म्हणजे डाव्या हातचा मळ. आम्ही बाकीचे काय दिवे लावतो ते बघायला मात्र लवकर ये.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुमची वाट बघणारी,
ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

प्रश्नावलीची उत्तरं घे. झोप: तुझ्या जावयाने भाषण सुरू केलं की ताबडतोब. भूक: हिला विचार. राग: असल्या प्रश्नावल्या आल्या की. तुझी स्वतःची प्रकृती पित्ताची असावी, तीही दुसऱ्यांचं पित्त खवळवणारी.

आत्यासाठी मात्र मी एक चांगली लोकरीची शाल विकत आणतो म्हणतो. उबदार, मऊ, तुझ्या सगळ्या अटी पुऱ्या. लायब्ररीची दोनशे पुस्तकं बांधायला पडली आहेत, मान वर करायला फुरसत नाही. एकाला सूट दिलीस म्हणून तुझा योग मोडणार नाही. तसं यंदा सुट्टीला येणंच कठीण दिसतंय. आम्हाला धरू नका.

माया असू दे,
ढब्बू

२० नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

शाल म्हणे! दुकानातली! बोटाएवढा कागदही ज्याने कधी वाया घालवला नाही, तो माझा भाऊ आता पिशव्या भरून आणणार. सुनेला विणकाम येत नाही तरी बिचारी रोज सुया घेऊन बसते. जावई, ज्याला तू हसतोस, तो जुन्या मोज्यांत धान्य भरून मान शेकायच्या पिशव्या शिवतोय. आणि ज्याचा हात धरणारा घराण्यात कुणी नाही, त्यालाच तेवढी फुरसत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुला म्हणायची वेळ यावी ना!

एकाला सूट दिली की उद्या सगळेच दुकान गाठतील. शालच आणायची असेल तर खुशाल घरी बस. मी आत्याला सांगेन की तुझा भाचा आता मोठा माणूस झालाय.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

२६ नोव्हेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. यांनी मला शपथ घातली आहे, पण तुमचं पत्र आल्यापासून हे धड जेवलेले नाहीत, तेव्हा शपथ गेली खड्ड्यात.

वन्सं, यांचे हात चालत नाहीत. सांध्यांचं दुखणं आहे. उन्हाळ्यापासून दोन्ही अंगठे सुजतात, सकाळी शर्टाची बटणं मी लावते. सुई चिमटीत टिकत नाही. लायब्ररीची पुस्तकं तर ऑगस्टमध्येच परत केली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, ठणका कमी झालाय, पण बोटं पूर्वीसारखी चालतील असं ते म्हणत नाहीत. तुम्हाला आलेलं ते एवढंसं पत्र लिहायला यांना चार दिवस लागले.

आत्याबाईंसाठी वही करायला हे दोनदा बसले होते. दोन्ही वेळा शिवण सैल पडली आणि यांनी ती उसवून टाकली. शाल नेली तर लोक आळशी म्हणतील, ते यांना चालतं. सैल वही दिली तर सगळ्यांना कळेल, ते यांना सोसत नाही. मला मात्र आता लपवून लपवून कंटाळा आलाय.

तुमच्या मायेची,
वहिनी

३० नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

चुकले रे मी. वर्गात पाच यम मी बायकांकडून घोकून घेते. पहिला अहिंसा, शेवटचा अपरिग्रह. शेवटचा घट्ट धरून बसले आणि पहिला पायदळी तुडवला. अंगण वाकडं म्हणाले तुला. भूक विचारली, झोप विचारली, आणि कसा आहेस एवढं विचारायचं राहून गेलं. परवापासून मला स्वतःचंच तोंड बघवत नाही.

शाल आण, नाहीतर रिकाम्या हाताने ये, पण ये. किंवा तिसरी वाट आहे. दहा तारखेला मी आठ दिवसांसाठी तुझ्याकडे येते. हात माझे, अक्कल तुझी. तू खुर्चीत बसून सांगायचं, मी शिवायचं. सकाळी कोमट तिळाच्या तेलाने तुझी बोटं चोळून देईन. त्याने दुखणं जाईल असं खोटं सांगत नाही, डॉक्टरांना विचारू आणि गोळ्या चालूच ठेवू. पण सकाळच्या गारठ्यात कुणीतरी हात हातात घ्यावा, एवढं तरी तुझ्या वाट्याला येऊ दे.

कबूल असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस. सरळ स्टेशनवर ये.

माफी मागणारी,
ताई

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर हिचं आहे, बोलणं माझं. मधेच ही स्वतःचं घुसडते, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मी काहीही घुसडत नाही, वन्सं.)

तीस वर्षांत माझ्या सुईला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि तू, चाळीस बायकांना एका पायावर उभं करणारी, सातदा बोटाला टोचून घेतलंस आणि चौथी घडी उलटी शिवलीस. मी ओरडायचो, तू उसवायचीस. लहानपणी तू मला पाढे शिकवताना मी जे सोसलं, त्याचं उट्टं आठ दिवसांत निघालं. तेल मात्र चालू आहे. आता ही चोळते, तुझ्यापेक्षा हलक्या हाताने.

भेटी उघडताना तू चहा ठेवायला आत गेली होतीस, तेव्हाचं तुला सांगायचं आहे. आत्याने वही घेतली, फ्लॅनेलचं कव्हर गालाला लावलं. मग वहीच्या पाठीवरून बोट फिरवून म्हणाली की शिवण वाकडी आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईने शिवली, असं म्हणून मोकळा होणार होतो, अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं, आत्या, माझे हात आता चालत नाहीत. मी सांगितलं आणि ताईने शिवलं, म्हणजे शिवण माझीच.

सहा महिने ज्या वाक्याला मी भीत होतो ते एवढंच निघालं. कुणी हळहळलं नाही. जावई उठला आणि मोज्याची एक पिशवी तापवून माझ्या हातांवर ठेवून गेला. आत्या म्हणाली की पहाटे तीनला कोण सरळ शिवण बघतंय, लिहायला पानं आहेत ना.

त्या रात्री तुझ्या सुनेने मला गाठलं. विणकाम काही तिच्याच्याने होत नाही, पुस्तक बांधायला शिकवाल का म्हणाली. मागोमाग जावई आला, मग मुलं. मी आधी नाहीच म्हणणार होतो. मग वाटलं, शिवायला अंगठे लागतात, शिकवायला कुठे लागतात?

तेव्हा पुढच्या सुट्टीत दहा दिवस आधीच येतो. चौदा सुया आणि जाड दोरा आणून ठेव, रद्दी फेकू नकोस. तोंड माझं शाबूत आहे, आणि तेवढ्यावर मी तुम्हा सगळ्यांना पुरून उरेन.

भांडणासकट लोभ असू दे,
तुझा ढब्बू