लहान खेळ की मोठा

५ नोव्हेंबर
अकोला. डॉक्टर म्हणाले, ह्यांचा स्नायूंचा आजार आता गिळण्यापर्यंत आलाय. जेवणासाठी पोटात नळी बसवावी लागेल. महिन्याभरात ठरवा, छाती आणखी कमजोर झाली तर तेही जमणार नाही. घरी कामरगावपर्यंत धाकटे दीर प्रवीणभाऊ गाडी चालवत सोयाबीनबद्दल बोलत राहिले. मीही बोलले.

७ नोव्हें.
"एक शेवटचा खेळ खेळू," हे म्हणाले. ह्यांच्या कपाटात कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या जुन्या सीडी. जादूगार, तलवारवाले, राक्षस. लग्नापासून बघतेय, कधी हात लावला नाही. कारंज्यात बारा वर्षं कॉम्प्युटर क्लास घेतलेले ह्यांचे हात आता माऊसवर टिकत नाहीत. म्हणून हात माझा, डोकं ह्यांचं.
तीन काढल्या. पहिल्यात सोबतचे गडी छान बोलतात, पण लढाई धावती. मला जमायची नाही. बाद. उरले दोन, दोन्हींत पाळीपाळीनं वार, हवा तेवढा विचार करा. एकात चौघं, एकच किल्ला, पंधरा दिवसांत संपेल. दुसऱ्यात सहा जण आपणच घडवायचे, अख्खा मुलुख फिरायचा. रोज तासभर धरला तर सहा महिने.
मी म्हटलं मोठा.
"मले लहान पायजे."

८ नोव्हें.
शाळेत पेपर तपासताना लक्ष नाही. घरी येऊन विचारलं, "लहान काहून?"
"पुरा होते."
मग कळलं. नळी नको, हेच सांगत होते.
घासलेली भांडी पुन्हा घासली.

९ नोव्हें.
भांडले. "तुमी ठरवून बसले अन् मले सांगतही नाही!"
"सांगतलं ना."
"खेळाच्या आडून?"
हे उत्तर द्यायला गेले अन् ठसका लागला. थांबेचना. ओठ काळेनिळे. मी पाठीला टेकू देऊन धरून बसले. नंतर कोण भांडणार.

११ नोव्हें.
न विचारता मोठा लावला. ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सहा जण मीच बनवले, दिसायला चांगले बघून. पहिल्याच गुहेत सगळे मेले.
भिंतीकडूनच आवाज आला, "टोळीत वैद्य नाही अन् निघाली."
दिवसभरातलं पहिलं वाक्य. मी ह्यांची खुर्ची वळवून घेतली. सहाही जण नव्यानं बनवले, एकेकाला दहा-दहा मिनिटं. एक वैद्य, एक कुलपं उघडणारी पोरगी, एक धनुष्यवाली…

२० नोव्हें.
रोज शाळेतून आल्यावर तासभर. डाव्या हाताचं एक बोट हलतं, त्यानं दिशा दाखवतात. आज खेळातलं एक अख्खं गाव राक्षसांपासून सोडवलं. जेवण मात्र चार चमचे पेज. वजन करायचं मी सोडून दिलं.

२६ नोव्हें.
धनुष्यवाली मेली. ह्या खेळात मेलेलं परत उठत नाही, फक्त आधी साठवलेल्या ठिकाणी मागं जाता येतं.
"मागं जाऊ?"
"नाही. पाच जणांत चालू दे."
ह्यांचा डोळा लागला तेवढ्यात मी गेले मागं. हे उठले तर पडद्यावर ती जिवंत. मग अडखळत, एकेक शब्द काढत,
"माऊस तुह्या हातात हाय. म्हणून काहीबी करशीन?"
मी कॉम्प्युटर बंद केला.

२७ नोव्हें.
खेळ नाही. पेज दोनच चमचे. ते वाक्य शाळेतही कानात. हे बेशुद्ध असताना नळीसाठी सही करायची वेळ आली तर ती मीच करणार…

१ डिसेंबर
अकोल्याहून डॉक्टरांचा फोन. उद्या भरती करा, नाहीतर पुढचं सांगता येत नाही. मी पहिल्यांदाच सरळ विचारलं, नळीचं नाव घेऊन विचारलं.
"तू काय म्हणते?"
"मले तुमी पायजे."
"थे नाही इचारलं."
मग काय विचारलंत? शेवटी म्हटलं, तुमी नाही म्हणसान तर मी सही करणार नाही. वचन दिलं.
"उद्या सांगतो," म्हणाले.

२ डिसेंबर
शाळेत रजा टाकली. सकाळी ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेला चहा चमच्यानं, अर्धा कप गेला. ह्यांचं उत्तर अजून यायचंय. माझ्याकडेच बघतायत.
दोन वाजले. अकोल्याला न्यायला प्रवीणभाऊंची गाडी दारात उभी आहे. जायचं की नाही हे कळेपर्यंत ते खाली उतरणार नाहीत.