अंगठ्याची वायर

आदरणीय कोंपाद्रे हेरिबेर्तो यांस,

तुमच्या धर्मकन्येच्या बापाचा, वेनान्सियोचा, नम्र नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? कोमाद्रे वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे आई गेली, आणि माझी बायको रोसाउरा माझ्याशी बोलत नाही.

आईने शेवटी एकच मागितले. "चर्चमध्ये माझ्या नवव्या दिवसाच्या मिस्सेत वाजव, पण तुझ्या त्या डब्याची घुंघुं नको. तुझ्या बापाचं घोरणं जन्मभर ऐकलंय मी. देवासमोर तरी शांतता दे." डबा म्हणजे तुम्ही दिलेली बास गिटार. (धर्माची गाय आणि दात का गे नाही, असे मी विचारणार नाही.) आईला मातीत ठेवून आलो आणि त्या घुंघुंच्या मागे लागलो. केबल बदलली, ती तशीच. चर्चमधल्या ट्यूबलाइट मालवल्या. जरा कमी झाली, पण दोमितिला मावशी अंधारात पायरी चुकून फादर एवेलियोंच्या अंगावर पडली. ती ओरडली, "दिवा लाव रे! घरातलं एक प्रेत कमी पडलं का तुला?" शेवटी कळले की तारांवर हात टेकला की घुंघुं गप्प, उचलला की सुरू. आणि कोंपाद्रे, क्रूसाची खूण करायची तर हात उचलावाच लागतो! आवाजाची कळ खाली करावी तर खरखरते, अँप्लिफायर बंद करावा तर फटाका फुटतो.

म्हणून तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीला मी बारीक वायर जोडली आणि तिचे दुसरे टोक मोज्यातून पायाच्या अंगठ्याला बांधले. (असे कोणी करू नये. वीज उलटली असती तर आईला शोधायला फार लांब जावे लागले नसते.) मावशीने पाहिले. म्हणाली, "अंगठे मेलेल्याचे बांधतात, मेल्या!"

पण मिस्सेत अशी शांतता झाली की फादरांच्या पोटातली गुरगुर शेवटच्या बाकावर ऐकू आली. मी आईसाठी दोन्ही हात जोडले. मग कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला रांग लागली. उठलो तर वायर सुटणार, म्हणून बसून राहिलो. रोसाउराने वळून पाहिले, मग फादरांनी, मग गावाने. सख्ख्या आईच्या मिस्सेत मुलगा कम्युनियन घेत नाही, म्हणजे पोटात केवढे पाप असेल! लोक दारापर्यंत पोहोचेतो त्या पापाला नावही मिळाले: उसुलुतानची कापडवाली. (तिच्याकडून मी शवपेटीचे अस्तर आणले होते, एवढाच संबंध.) रोसाउरा इतकेच म्हणाली, "आईसमोर तरी लाज वाटली, बरं झालं." तेव्हापासून ती फक्त कोंबड्यांशी बोलते. रडली असती तर बरे होते.

मावशीला साक्षीला बोलावले. ती म्हणते वायर नव्हतीच. कापडवालीची गोष्ट तिला जास्त आवडली आहे.

आपला आज्ञाधारक,
वेनान्सियो

ता. क. तुम्ही वीजकाम जाणता. कृपा करून या, आणि तारा, हात, घुंघुं हे सगळे रोसाउराला समजावून सांगा. तुमचा शब्द ती मोडत नाही.

पुन्हा ता. क. इथवरचे पत्र तिला आत्ताच वाचून दाखवले. म्हणाली, "आईच्या मिस्सेत कुठला माणूस पायाला वायर बांधेल? दुसरं काही सुचलं नाही?" तेव्हा वायरचे राहू द्या. बाई होती, आता संपले, असेच सांगा. तेवढे ती माफ करील. खोटे बोलण्याचे पाप फादरांपुढे मी माझ्या नावावर घेतो.