मागचे शॉकअप

म्हसवड,
४ फेब्रुवारी २०२४

ती. धुळादादास,
धाकट्या बहिणीचा सा. न.

तुझ्या चौकीवर फोन लागत न्हाई, म्हणून हे पत्र. आप्पा कळप घेऊन कोयनानगरकडं हायत. गेल्या हप्त्यात मी पिकअपमधनं एक गाभण मेंढी घरी आणली. खड्डा आला की हौदा मागनं उडायचा आणि उडतच ऱ्हायचा. मेंढी दोनदा पडली, घरी येऊन गाभडली, पोटातलं कोकरू गेलं. आप्पांनी मला बोल लावला न्हाई. येवढंच म्हणाले, की बाकीच्या चार मी चालवतच आणीन. त्या महिन्याभरात व्यायच्या रं, वाटंतच मरतील. तू लष्कराच्या गाड्या दुरुस्त करतोस. काय करू, सांग.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.
सोनिया


सरहद्दीवरनं,
१५ फेब्रुवारी

चि. सोनियास,
अनेक आशीर्वाद.

गाडीचा मागचा कोपरा दाब आणि सोड. वर येऊन थांबला तर ठीक, झुलत ऱ्हायला तर शॉकअप गेलेत. त्या गाडीचे कंपनीतनंच हलके येतात. ओझ्याच्या गाडीचे जाड नळीचे आण. सपाट जागा बघ, पुढच्या चाकांना दगड लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नको. गंजल्या नटांवर आदल्या दिवशी तेल सोड. शेवटचा पिळा गाडी चाकांवर उभी असताना दे, न्हाईतर रबर फाटंल. माझी सायकल खोलून तूच जोडलीवतीस आणि एक नट उरवलावतास. तेवढं या वेळी नको.

जिवाला जप.
धुळा


म्हसवड,
३ मार्च

ती. दादास, सा. न.

बसवले. एक नट सुटंना, तवा पान्याला पाइप घालून त्यावर उभी ऱ्हायले. नट उरला न्हाई.

आप्पा मेंढ्या द्यायला तयार न्हवते. मी म्हणाले, तुमीच मागं बसा, एक जरी पडली तर तितंच उतरवा. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसले. पाटणच्या अलीकडं त्यांनी काच वाजवली. मी गाडी उभी केली. मागं जाऊन बघते तर एक मेंढी व्यालेली. आप्पांनी सांगितलं, की कोकरू चालत्या गाडीत, वळणावर, आपल्या पायावर उभं ऱ्हायलं. धरायला म्हणून त्यांनी हात पुढं केलेवते, ते अजून तसेच हुते.

मग आप्पा उतरले, खाली वाकले आणि शॉकअपला तळहात लावला. म्हणाले, हे तापलंय. का तापतं, असं त्यांनी इचारलं. तू लिही.

वाट बघते.
सोनिया


सरहद्दीवरनं,
१६ मार्च

चि. सोनियास,
आशीर्वाद.

हे आप्पांना वाचून दाखव. नळीत तेल असतंय. रस्त्याचा धक्का त्या तेलात जिरतोय, आणि जिरताना त्याची ऊब हुतीय. कोकराच्या पायांना बसायचे धक्के आप्पांच्या हाताला ऊन लागले.

अकरा वर्षं मी हे बदलतोय, चालून आलेल्या गाडीला हात लावून कवा बघितलं न्हवतं. काल घाट चढून ट्रक आला. बाहेर बर्फ हुता. हातमोजा काढला, खाली शिरलो, शॉकअपला हात लावला. लय येळ हात काढावासा वाटला न्हाई.

आप्पांच्या पायावर डोकं.
तुझा दादा