अप्पांनी चोरून लग्न केलेलं नाही

तंजावर,
आडी महिन्यातला तिसरा मंगळवार

तीर्थरूप सरोजा अत्या हिला,

हरिणीचा नमस्कार. साष्टांगच घालायचा होता, पण उजव्या गुडघ्याला पट्टी आहे आणि डावा एकटा वाकायला तयार नाही, तेव्हा उभ्याने घातलेला गोड मानून घे. (पट्टीचं कारण पुढे येईल.) तुझी शुगर ताब्यात आहे का? मामांचा खोकला पुण्याच्या पावसाने वाढला नाही ना? इथे अम्मा ठीक. अप्पाही ठीक होते, पण रविवारी रात्री तुझा निरोप आला आणि ते बिघडले. तू फोनवर फक्त "कळलं" एवढंच लिहून पाठवलंस. अत्या, तू चार पानं भरून आम्हाला झाडलं असतंस तर आम्ही जेवून तरी झोपलो असतो. अप्पांना देवनागरी लागत नाही, म्हणून ते फोन माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "पुन्हा वाच की." जसं काही दहाव्यांदा वाचल्यावर त्या शब्दाला शेपूट फुटणार आहे.

देवनागरीत लिहिलं नाहीस तर उत्तर देणार नाही, ही तुझी अट मी सातवीच्या सुट्टीपासून पाळत आले. आज मात्र ती माझ्या सोयीची आहे. या घरात माझ्याशिवाय हे अक्षर कोणाला वाचता येत नाही, त्यामुळे इथे लिहीन ते तुझ्यामाझ्यातच राहील. काल अर्धवट पान टेबलावर राहिलं तर अम्माला ते स्तोत्र वाटलं. तिने कोपऱ्याला कुंकू लावलं आणि पान डोळ्यांना लावून परत ठेवलं. (तो लाल डाग रक्ताचा नाही. आणि अम्माने ज्या ओळींना नमस्कार केला त्यांत तिच्याविषयी तक्रार होती, त्या मी नंतर खोडल्या.)

तर आधी खुलासा. अप्पांनी अम्माशी पुन्हा साठीचं लग्न लावलेलं नाही. त्यांना साठावं अजून पुरं व्हायचं आहे, आणि पाठच्या बहिणीला न बोलावता ते दुसऱ्यांदा मंगळसूत्र बांधायला बसतील असं तुला वाटलंच कसं? जेवणावळीचा खर्च वाचवायला आम्ही घरातल्या घरात उरकून घेतलं, ही बातमी शेजारच्या कनकलता अक्कांची आहे. त्यांनी ती त्यांच्या पुण्यातल्या मुलीला दिली आणि तिने तुला. त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. अप्पांच्या गळ्यात हार होता, अम्माच्या गळ्यात हार होता आणि अप्पा तिच्या मानेमागे हळदीच्या दोऱ्याला गाठी मारत होते. हे सगळं माझ्यामुळे झालं, आणि माझ्याकडून ते निव्वळ भीतीमुळे झालं.

भीती अशी की मला लग्नाचे फोटो काढायचं काम मिळालं आहे. तुला माहीत आहे, मी कॉलेजच्या ऑफिसात बसते आणि सुट्टीच्या दिवशी मोपेड घेऊन कालव्याकाठी पक्षी टिपते. गेल्या वर्षी माझा एक खंड्या सहकारी बँकेच्या कॅलेंडरवर छापून आला. ते कॅलेंडर पापनाशमच्या तुळजाराम काकांच्या खताच्या दुकानात टांगलेलं होतं. त्यांची नित्या आवणीत, म्हणजे पुढच्याच महिन्यात, बोहल्यावर चढते आहे. काकांनी वर्षभर तो खंड्या पाहिला आणि ठरवलं की जिला उडता पक्षी सापडतो तिला आपली मुलगी सहज सापडेल. पण अत्या, पक्षी टिपायचा तर मातकट कपडे घालून केळीच्या आड दोन तास तोंड मिटून बसायचं असतं. लग्नात भर मांडवात उभं राहून, साठ-सत्तर वर्षांच्या माणसांना ओरडून "बाजूला व्हा" म्हणायचं असतं. आपल्या घरात मोठ्यांना मी आजवर "सरका" म्हटलेलं नाही. थिएटरमध्येसुद्धा मी लोकांच्या डोक्यांमधल्या फटीतून पाहते.

सरळ नाही म्हणायचं, तर तेही मला जमत नाही. म्हणून मी ठरवलं की इतका भाव सांगायचा की त्यांनीच नाही म्हणावं. भाव काय चालतो ते कळावं म्हणून कुंभकोणच्या एका स्टुडिओला नवरीमुलगी बनून फोन केला. त्यांनी दोन दिवसांचे सत्तर हजार सांगितले आणि नवऱ्यामुलाचं नाव विचारलं. समोरच्या टेबलावर आमचे हेडक्लार्क प्रद्युम्न बसले होते, त्यांचंच नाव आणि नंबर देऊन टाकला. (तेव्हापासून त्यांना रोज सकाळी शुभविवाहाचा संदेश येतो. त्यांना दोन मुली आहेत आणि त्यांची बायको अलीकडे त्यांच्याशी कमी बोलते. मी अजून कबूल केलेलं नाही.)

मग मी पापनाशमला गेले. काकांनी विचारलं, किती घेशील. मी डोळे मिटून म्हटलं, एक लाख दहा हजार. राजम काकींच्या हातातली कॉफी वाटीतून पेल्यात ओतता ओतता थांबली. मला वाटलं, सुटले, आता पावणेपाचची बस मिळेल. इतक्यात काका काकींकडे वळून म्हणाले, "एवढं मागते म्हणजे येत असणार." काकी आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. विड्याची पानं, सुपारी, हळकुंड आणि पानांखाली दहा हजार एक रुपये. आता तांबूल पुढे आलं की हात मागे घेता येत नाही, आणि घेतलं की शब्द दिला, हे तूच मला शिकवलंस. मी घेतलं. ते पैसे पानांसकट आणून देवापुढे ठेवले. पानं वाळली, पैसे तसेच आहेत. जाता-येता त्यांच्याकडे बघायचं टाळते.

कमी भाव सांगितला असता तर चुकल्यावर निदान म्हणता आलं असतं की एवढ्या पैशांत एवढंच मिळतं. आता सगळ्या पापनाशमला माहीत झालं आहे की नित्यासाठी लाखाची बाई येणार. आणि बाईकडे एक कॅमेरा आणि खंड्याची लांबलचक लेन्स! त्या लेन्समधून जवळच्या माणसाची फक्त नाकपुडी येते. नवरा-नवरी दोघं यायला हवी असतील तर मला चाळीस फूट मागे जावं लागेल, म्हणजे मांडव सोडून इडल्यांच्या पंगतीत. शेवटी एकाकडून महिनाभरासाठी छोटी लेन्स मागून आणली आणि सराव सुरू केला. चालत्या गायीवर केला, दळण आणणाऱ्या बाईवर केला. पण त्याचा उपयोग होईना, कारण मला भीती गायीची नाही. मला भीती तुझ्या अल्बमची आहे.

रागावू नकोस. तुझ्या अल्बमचं सातवं पान आठव. चार कोपरे चिकटवलेली ती रिकामी चौकट. येणाऱ्या-जाणाऱ्याला तू ते पान उघडून दाखवतेस आणि म्हणतेस, "इथे माझं लग्न लागलं, भावाच्या कृपेने दिसत नाही." लहानपणी मी हसायचे. आता रात्री दचकून उठते आणि मला नित्याच्या अल्बममध्ये तशीच चौकट दिसते. मंगळसूत्राची तिसरी गाठ पडते, वाद्यांचा एकच गजर होतो, अक्षतांचा मारा होतो, सगळे काका-मामा एकदम उठून पुढे येतात आणि सगळं चार श्वासांत संपतं. खंड्या उद्या पुन्हा त्याच फांदीवर येतो. नित्या पुन्हा येणार नाही. आणि ज्यांच्या हातून तुझ्या लग्नाचा रोल खराब झाला, त्याच अप्पांची मी मुलगी.

म्हणून रविवारी सकाळी मी अप्पा-अम्माला हात जोडले की एकदा माझ्यापुढे लग्न लावा. हार आणायला गेले तर फुलवाल्याने विचारलं, कोणाचं कल्याणम, म्हणजे लग्न. मी घाईत खरं ते सांगितलं, अप्पांचं. त्याने मान डोलावली, दोन गुलाब जास्तीचे ओवले आणि गल्लीभर सांगितलं. (माझी पहिली चूक ही. तिथे खोटं बोलायला हवं होतं.)

मागच्या अंगणात, विहिरीजवळ दोघांना बसवलं. पहिल्या खेपेला अप्पांनी दोरा हातात घेतला, अम्माने मान खाली घातली, आणि अत्या, ती लाजली! पस्तीस वर्षांनी, नायलॉनच्या साडीत, गॅसवर डाळ ठेवून आलेली बाई लाजली. मी कॅमेऱ्यातून बघत होते, मग कॅमेरा खाली घेऊन नुसती बघत राहिले. गाठी पडून गेल्या. माझे गाल ओले आणि कार्ड कोरं. दुसऱ्या खेपेला मी दात आवळून बटण दाबलं, पण लेन्सवरचं झाकण काढलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला दोघं चौकटीत मावावीत म्हणून मागे मागे गेले आणि विहिरीच्या पायरीवरून पडले. (गुडघा.) पडता पडता एक फोटो मात्र निघाला. त्यात अप्पा-अम्मा पुसट आहेत आणि मागच्या भिंतीवरून वर आलेलं कनकलता अक्कांचं डोकं अगदी लख्ख आहे. तोंड उघडं आहे, दातसुद्धा मोजता येतात. फोटो म्हणून तो फार चांगला आहे.

दुपारपर्यंत अकरा माणसं ताटं घेऊन आली. तिरुवैयारुहून दोन गाड्या आल्या. सगळ्यांनी अप्पांच्या पाया पडून आशीर्वाद घेतला आणि मग, आम्हाला का नाही बोलावलं म्हणून त्यांनाच फैलावर घेतलं. अप्पा "हा सराव होता" म्हणून सांगत होते. पण गळ्यात हार घातलेल्या माणसाचं कोण ऐकतं? अम्माने डाळीत पाणी वाढवलं.

सगळे गेल्यावर मी अप्पांना म्हटलं, मला हे जमणार नाही, उद्याच ताट परत करून येते. अप्पा झोपाळ्यावर बसले होते, हार काढायचा राहूनच गेला होता. त्यांनी पायाने एक झोका घेतला. मग म्हणाले, "सरोजाच्या लग्नात रोल खराब झाला नव्हता गे. मी बटणच दाबलं नाही. ती निघाली आता, एवढंच दिसत होतं." चौतीस वर्षं ते तुझी बोलणी खात आले, रोलमध्ये उजेड शिरला म्हणून सांगत आले, आणि पुन्हा कॅमेऱ्याला शिवले नाहीत. तुला हे कधी सांगायचं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली आहे. पण तू त्यांच्यावर रागावून बसली आहेस आणि ते जेवत नाहीत, तेव्हा मी शपथ मोडते. ती चौकट रिकामी नाही अत्या. तिच्यात अप्पा उभे आहेत, रडत.

आता मामांना नमस्कार सांग, औषधं वेळेवर घे आणि हे वाचून झाल्यावर एका शब्दाहून मोठं उत्तर पाठव. मी अजून घाबरलेलीच आहे. ताट परत केलेलं नाही.

तुझी,
हरिणी

ता. क. खरी विनंती आता लिहिते. आवणी लागायच्या आत निघून ये. पापनाशमच्या मांडवात तुला माझ्या मागे उभं राहायचं आहे. तिसरी गाठ पडताना मला जोरात चिमटा काढायचा, आणि त्याआधी पुढे आलेल्या काका-मामांना तुझ्या आवाजात "बाजूला व्हा" म्हणायचं. आपल्या घरात लग्नात न रडणारी तू एकटी आहेस. तू तर स्वतःच्याही रडली नव्हतीस, अम्मा अजून सांगते. तुला मदतनीस म्हणून पाच हजार देईन. (भाव वाढवून मागू नकोस, मी लगेच हो म्हणेन.)

ता. क. २. अप्पांचं खरं साठीचं लग्न संक्रांतीनंतर, तै महिन्यात ठरलं आहे. आलेल्या अकरा माणसांनीच ठरवून टाकलं. अप्पा म्हणतात, सरोजा आल्याशिवाय पाटावर बसणार नाही. फोटो मीच काढणार, फुकट. तेव्हा चिमट्यासाठी तै महिन्यातही लागशील.

ता. क. ३. पाकिटात घालायला हे पत्र अप्पांनी मागून घेतलं. सगळी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, "ते कुठल्या ओळीत आहे?" मी शपथ मोडली हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी ओळ दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तिथली शाई पसरली आहे. वाचता आलं नाही तर पुन्हा लिहून पाठवते असं तुला कळवणार होते, पण अप्पा म्हणतात, सरोजाला वाचता येईल.