उघड्या अंगाचा महागू

१९ मे
अश्विन हसला!! दिवाळीनंतर गाडीवरून पडला, तेव्हापासून आज पहिल्यांदा हसला. माझ्यावरच हसला, हसू दे. देवा, तुझे लई उपकार.

झालं असं का दुपारी लाइट होती, कूलर चालू होता, अन् हा आपला भिंतीकडं तोंड करून पडलेला. उजवा हात पोटावर ठेवलेला, जसा दुसऱ्या कोणाचा हात आहे. म्हटलं, पोराकडं पाहून रडण्यापेक्षा त्याचा कम्प्युटर तरी पुसावा. पुसता पुसता काय दबलं कोण जाणे, त्याचा तो तलवारीचा खेळ सुरू झाला! त्याचा गडी दिसला—डोक्यापासून पायापर्यंत लोखंडाचे कपडे. इथं आपला जीव चालला गर्मीनं, अन् हा बिचारा पत्र्यात! मले पाहवलं नाही. इकडंतिकडं दाबून पाहिलं, तं कपडे निघून राह्यले होते. टोप काढला. छातीचा पत्रा काढला. बूट काढले. कमरेले एक कापड राहू दिलं. मंग खेळातच एक दुकानदार भेटला, त्याले ते सारं लोखंड विकून टाकलं. भंगार कायले ठेवायचं?

मागून आवाज आला, "अव आई! हे काय केलं तू! ते आर्मर जमवाले मले किती दिवस लागले माहीत आहे?"

म्हटलं, "त्याले गरम होत असन ना रे."

तं हसला! ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसली. मंग मोरीत जाऊन रडून घेतलं.

२० मे
आज त्यानंच आवाज दिला. म्हणे, "सत्यानाश केलाच आहे तं आता नवा गडी बनव. बिना आर्मरचा. तसा भी बनते."

नाव टाकायचं होतं. मी माझ्या आजाचं टाकलं—महागू. राजेगावले धानाच्या बांधीत उघड्या अंगानंच राबायचा तो बी.

मंग त्या गड्याले गुण वाटून द्याचे होते. ताकदीले इतके, चपळाईले इतके, असं. मी आपली सारे ताकदीले द्याले निघाली, तं अश्विन ओरडला, "अव नाही! चपळाईले दे. याच्या अंगावर काहीच नाही, एक फटका बसला का खतम. याले मार झेलायचाच नाही, सरकायचं आहे."

तो सांगते, मी बटनं दाबते. डोकं त्याचं, हात माझे.

२१ मे
मेली. परत मेली. पोळ्या करपल्या.

२४ मे
लांडग्यानं मारलं. दरोडेखोरानं मारलं. एकदा तं कोणी मारलं नाही, पुलावरून मीच पडली. अश्विन म्हणते, "तलवारीकडं काहून पाहतं? तलवार उशिरा दिसते. त्याच्या खांद्याकडं पाह्य. खांदा हलला का लोळण घे."

खांद्याकडं पाह्य म्हणते! बाबू रे, सकाळी तुले अंघोळ घालतानी मी दुसरं काय पाहते? आज हलन, उद्या हलन. तिथं काहीच हलत नाही.

पण बोलते आता. जेवतानी बोलते. वरण खारट झालं म्हणे. झालंच होतं! किती महिन्यांनी पोरानं जेवणाले नाव ठेवलं, बरं वाटलं मले.

३० मे
दरोडेखोर मारला!! एकही फटका न खाता! मी खुर्चीवरून उठून नाचली. तेवढ्यात हे वारासिवनीवरून आले, राइस मिलाचा कोंडा अजून डोक्यावर. म्हणे, "ललिता, भात नाही टाकला?" म्हटलं, "थांबा जी, इथं दुसरा येऊन राह्यला!" ह्यांनी स्वतः कुकर लावला. मंग मागं येऊन उभे राह्यले अन् म्हणे, "याले एक बंडी तरी घालून दे." आम्ही दोघंही ओरडलो—नाही!

तिघं संगं बसून जेवलो. चांगला नवरा भेटला मले. त्याहीले कधी सांगितलं नाही, इथं लिहून ठेवते.

८ जून
हाताचा विषय कोणीच काढत नाही घरात. मीच लिहिते. नागपूरच्या डॉक्टरनं संक्रांतीच्या वेळी सांगितलं होतं—नस तुटली आहे, दुसरी नस आणून जोडता येईन, पण लवकर या. दिवस गेले तं हाताचं मांस वाळते, मंग जोडूनही फायदा नाही. अन् अश्विन म्हणे, पडलो तेव्हा एक वेळ चिरलं तेवढं पुरे, मले कुठंच नेऊ नका. तेव्हापासून तो भिंतीकडं.

रोज ठरवते, आज विचारते. मंग तो म्हणते, "चल आई, आज महागूले काय शिकवायचं?" अन् माझं तोंड बंद. विचारलं अन् परत भिंतीकडं वळला तं? पण दिवस तं चाललेच आहेत.

१५ जून
मोहित आला. याचा शाळेपासूनचा दोस्त, आता नागपूरले नोकरीवर. दारातच उभा—"काकू, आप खेल रहे हो?" अश्विननं लगेच फुशारकी मारली. "हिचा गडी उघडा फिरते बे, अन् कोणी हात लावून तं दाखवावं!" मले असं वाटलं का मॅट्रिकमध्ये पहिली आली.

चहा पिता पिता मोहितनं सरळ विचारलं, "नागपूरले कधी येतं?" माझं बोट भलत्याच बटनावर गेलं, महागू खलास. मी मान वर केली नाही. अश्विननं डाव्या हातानं कप खाली ठेवला. मंग म्हणे, "पाहू."

पाहू म्हणाला! 'नाही' असं नाही म्हणाला. मोहित, बाळा, तुझं भलं होवो. जे मले आई असून जमलं नाही, ते तू चहा फुंकता फुंकता करून टाकलं.

२ जुलै
पुलावरचा दगडी राक्षस पडला! ताडाएवढा उंच. त्याचा खांदा हलला का मी लोळण घ्यायची, उठून एक घाव, परत लोळण. अश्विन कानाजवळ हळूच म्हणत होता, "घाबरू नको, घाई नको, आत्ता... आत्ता!"

मंग तो म्हणे, "आई, मी जातो नागपूरले. मोहितसंग. तू नको येऊ."

"काहून रे?"

"तू आली तं डॉक्टरकडं न पाहता मी तुझ्या तोंडाकडंच पाहत बसन."

लागलं मले. खोटं कायले बोलू, खूप लागलं. पण जातो म्हणाला ना. बस. देवापुढं साखर ठेवली.

५ जुलै
सकाळच्या बसनं गेला. शर्टाच्या गुंड्या मी लावल्या, तेवढं करू दिलं. हे मिलात गेले नाहीत, अंगणात फेऱ्या घालून राह्यले. फोन नाही.

६ जुलै
आला. उशीर झाला म्हणे डॉक्टर. आता जोडून फायदा नाही, हात येणार नाही. माझ्याजवळ बसून हळूहळू सांगितलं त्यानं मले. मी मोठ्यानं रडली, तो नाही रडला. मंग उठला, माउस डावीकडं घेतला, म्हणे, "महागू तुझा, तू ठेव. मी माझा बनवतो." खुर्चीवर बसला. एका बोटानं नाव टाकाले त्याले लई वेळ लागला. मी मदत केली नाही.